आधी बैठक, मग पाय

शुक्रवारी सकाळी साडेआठला
रुवीतलं ऊन भिंतींना पाठ टेकून उभं असतं.
आमच्या बिल्डिंगच्या दारापासून गाडीपर्यंत अठरा पावलं.
माझी अठरा. एस्तेरआत्याची किती,
ते त्या दिवशीच्या गुडघ्यांवर.

मी दहा मिनिटं आधी उतरतो.
एसी लावतो, पुढची सीट मागे सारतो, पार शेवटपर्यंत,
बेल्टच्या बक्कलवर ओला नॅपकिन टाकतो.
एकदा चटका बसला होता तिच्या मनगटाला.
ती गप्प होती, ओरडलो मीच.
मग सीटवर प्लास्टिकची पिशवी अंथरतो,
हल्ली दुकानात मिळत नाहीत म्हणून घडी घालून जपलेली.
युक्ती तिची: "कापडावर अंग अडतं, पिशवीवर फिरतं."

गाडी फुटपाथला चिकटवून लावायची नसते,
हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं.
फुटपाथवरून बसायला गेलं की सीट विहिरीसारखी खोल जाते.
तिला उभं राहायला डांबर हवं,
हातभर का होईना, सपाट.

ती येते. वॉकर, उजवा, डावा. वॉकर.
काखेत पर्स, पर्समध्ये चष्मा, गोळ्या, दानाचं पाकीट.
इथे आमचा रविवार शुक्रवारी येतो, त्याची तिला
सेहेचाळीस वर्षांत सवय झाली. थांबून राहण्याची झाली नाही.
वळते. गाडीकडे पाठ.
पोटऱ्यांना सीटची कड लागेपर्यंत मागे, मागे.
मी काखेत हात घालायला जातो, तोच

"काखेत नाही. खांदा निखळतो म्हाताऱ्यांचा.
कमरेला धर. हं, निऱ्यांच्या जरा वर.
आणि ओढू नकोस, मी पोतं नाही."

'म्हाताऱ्यांचा' हे ती अजून
शेजारच्या कॉटवरच्या कुणाबद्दल बोलावं तसं म्हणते.

मिरजेत शिकली, अठ्ठ्याहत्तरला इथे आली,
एकतीस वर्षं हाडांच्या वॉर्डात.
परांचीवरून कोसळलेले गवंडी, गाडीसकट वाडीत वाहून गेलेले,
कुणाची आजी, कुणाचा अरबाब,
सगळ्यांना कुशीवर वळवलं, बसवलं, उभं केलं.
कण्यातल्या कुठल्या दोन चकत्या गेल्या ते एक्सरेत दिसतं.
कुणाकुणासाठी गेल्या, ते तिलाच ठाऊक.

"वाहेद," ती म्हणते.
मोजणी अजून अरबीतच.
"इथनेन. तीनला मी बसणार.
तू काही करायचं नाही. तू नुसता अस."

हे सगळ्यात अवघड.
माझे दंड भरून येतात, श्वास अडतो,
उचलायला शिकलेला माणूस मी, गोदामातला,
आणि मला नुसतं असायचंय.

तलाता.

गाडी एका बाजूला कलते.
माझा तळहात दाराच्या पत्र्याखाली, तिच्या केसांवर.
आमच्या घरात हात वरून खाली येतो तो मोठ्यांचा,
दहावीला, नोकरीला, विमानात चढताना
तिनेच ठेवलेला असाच.
हा तसा नाही. हा पत्र्याच्या भीतीने आहे.
तरी ती डोळे मिटते, क्षणभरच,
आणि मी काय म्हणायचं ते न सुचून
"लागलं का?" विचारतो.

मग पाय. डावा जड, घोट्यावर मोज्याचा वळ.
पिशवी कुरकुरते, आत्या पुढे फिरते,
जशी बोट धक्क्याला लागते, हळू, थोडी तिरकी.

गल्लीत आमच्यामागे खमीसची पिकअप
केव्हाची थांबलेली. हॉर्न नाही.
तोच उतरून वॉकर मिटतो, डिकीत ठेवतो.
आत्या काच खाली करून विचारते, त्याच्या आईची साखर कशी आहे.
तो सांगतो, मला निम्मं कळतं. ती रागावते.
तो मान खाली घालून ऐकतो, सहा फुटी माणूस,
ऊन डोक्यावर घेऊन.

गोलचक्कर ओलांडल्यावर ती म्हणते,
"इम्मानुएल, माझी उजवी चप्पल?"

मी आरशात बघतो, जसं काही
ती मागे धावत येत असेल.
"पेशंट शिफ्ट केला," आत्या म्हणते, "आणि फाइल राहिली वॉर्डात."
आणि हसते, इतकी की बेल्ट लॉक होतो.

मी यू-टर्नची जागा शोधतो.
पहिलं गीत एव्हाना सुरू झालं असेल.